फाटकापलीकडची रेंज

डिसेंबर लागला तरी पाऊस हटायचं नाव घेत नव्हता. उत्तरेकडून गार वारं यायचं, ढग डोंगरावर बसकण मारायचे आणि दिवसभर नुसती बुरबुर चालायची. वरच्या अंगाला मालकाच्या मळ्यात कॉफी पिकून लालभडक झाली होती. फळं ओलीनं उलत होती, गळून चिखलात कुजत होती. आणि ती तोडणारी खालच्या लास पिलास गावची माणसं मळ्याच्या फाटकाबाहेर प्लास्टिकचा कागद ताणून त्याखाली बसली होती.

सगळं त्या डब्यावरनं झालं. तोडलेली फळं मोजायचा जुना डबा मुकादमानं यंदा काढून टाकला आणि नवा आणला. दिसायला अगदी तसाच. पण चेपेला संशय आला. त्यानं कुठून तरी जुना डबा पैदा केला, सगळ्यांसमोर पाण्यानं काठोकाठ भरला आणि नव्यात ओतला. नवा भरला नाही. वर चांगली चार बोटं जागा रिकामी राहिली. चेपेनं आपली चार बोटं मुकादमाच्या नाकासमोर धरली.

"रुतिलियो, ही चार बोटं कुनाच्या तोंडात जात्यात रं?"

माणसं खदखदून हसली. मुकादम रुतिलियो हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून गावातलं एकही माणूस तोडणीला गेलं नाही, आणि मुकादमानं फाटकाला साखळी घातली.

तोमासाला हे सगळं पटत होतं. लहानपणापासून तिनं त्या मळ्यात तोडणी केली होती, चार बोटं म्हणजे किती झुडपं हे तिच्या कमरेला ठाऊक होतं. तिचा नवरा आन्सेल्मो चेपेच्या मांडीला मांडी लावून फाटकाशी बसत होता. चेपेची बायको एर्लिंदा म्हणजे तोमासाच्या मुलीची धर्ममाता, 'माद्रीना'; बाप्तिस्म्याच्या दिवशी तिनंच पोरीला हातावर घेतलं होतं. तेव्हापासून दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणायच्या आणि सख्ख्या बहिणींपेक्षा जवळ होत्या. पण तोमासाच्या घरात दुसरीच एक काळजी येऊन बसली होती.

तिची मुलगी देल्मी गेल्या वर्षी शाळा संपवून घरी आली. शाळेला कुठल्याशा परदेशी संस्थेनं टॅब दिले होते. त्यात इंग्रजी शिकवणारी एक बाई होती. दिसायची नाही, नुसती बोलायची. तिच्यामागून आपण बोलायचं, बरोबर आलं की हिरवं, चुकलं की लाल. बाकीच्या पोरांनी थोड्याच दिवसांत टॅबवर नाच-गाणी बघायला सुरुवात केली. देल्मी मात्र त्या बाईला चिकटून राहिली. भाकरी थापताना पुटपुटायची, पाणी भरताना पुटपुटायची. एर्लिंदा म्हणायची, "पोरीला भूतबीत लागलं न्हाई ना कोमाद्रे? बघ जरा, शेंदतीया काय आन् बोलतीया काय!"

वील्मेर मास्तरांना स्वतःला इंग्रजी बेताचंच येत होतं, पण त्यांनी खटपट करून देल्मीचं नाव शेवटच्या तोंडी परीक्षेला घातलं. त्यात पास झालेल्यांना सान पेद्रो शहरातलं एक कॉल सेंटर कामाला घेणार होतं. परीक्षा टॅबवरच, पण समोर खरं माणूस, पार दुसऱ्या देशातलं. आठवडाभर रोज दुपारी ठरल्या वेळेला. एक दिवस चुकला की गेलं वर्ष.

आणि गावात रेंज नव्हती. टॉवर मालकाच्या मळ्यात, टेकडीच्या माथ्यावर. वर्षभर देल्मी आईबरोबर लाकडं आणायला वर जायची आणि टॉवरखालच्या खडकावर टॅब घेऊन बसायची. कुणी कधी हटकलं नव्हतं. आता साखळी पडली होती. खालच्या तालुक्याच्या गावाला जावं तर दरड कोसळून रस्ता बंद.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, रविवारी, देल्मी तारेखालून घुसली. रेंज नीट मिळते का तेवढं बघून येते, म्हणाली होती. थोड्या वेळानं मुकादम तिला दंडाला धरून खाली घेऊन आला. पोरीचे गुडघे चिखलानं भरलेले, पोलकं तारेत अडकून पाठीवर फाटलेलं, टॅब तेवढा दोन्ही हातांनी छातीशी. मागून दोन कुत्री. कागदाखाली बसलेल्या सगळ्या गड्यांसमोरून त्यानं तिला तशी फिरवत आणली.

आन्सेल्मो उठला. चेपेनं त्याचा पाय धरून ठेवला.

"आन्सेल्मो, पोरगी तुझी, कुत्री माझी," मुकादम म्हणाला. "पुन्ना घुसली तर कुत्र्यास्नी मी आवरनार न्हाई."

तोमासानं आपल्या अंगावरची शाल काढून पोरीच्या पाठीवर टाकली. मुकादम तिच्याजवळ आल्यावर आवाज खाली करून बोलला, "तोडनाऱ्यांच्या पोरास्नी वर यायला कसली मनाई न्हाई. कामाला ये, पोरीला घिऊन ये. मी काय वाईट मानूस न्हाई, तोमासा."

संध्याकाळी आन्सेल्मो चुलीपाशी घेवड्याची उसळ आणि भाकरी खात बसला. धूर छपराला लागून खाली वळत होता. देल्मी आतल्या खोलीत होती. पुटपुटण्याचा आवाज येत नव्हता, तो यायला पाहिजे होता असं तोमासाला वाटलं.

"परीक्षा उद्यापास्नं हाय," ती म्हणाली.

"ठावं हाय."

"फाटक कवा उघडंल?"

"डबा बदलला की उघडंल."

"आन् डबा कवा बदलंल?"

आन्सेल्मोनं भाकरीचा तुकडा उसळीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "पुढच्या वर्षाला बसंल की ती."

"पुढच्या वर्षाला तिच्या कडेवर पोर असंल. सोळा वर्सांची मी हुते, तवा माझ्या हुतं."

पाऊस छपरावरून ओट्यावर पडत राहिला.

"तुझ्या मनात काय हाय त्ये मला कळतंया," शेवटी तो म्हणाला. "त्ये तोंडातनं काढू नगंस."

तिनं काढलं नाही. सोमवारी सकाळी तिनं कमरेला तोडणीची टोपली बांधली, डोक्यावरून प्लास्टिक घेतलं आणि देल्मीला म्हणाली, "चल." आन्सेल्मो ओट्यावर कोयत्याला धार लावत होता. दगडावरचा त्याचा हात थांबला नाही.

फाटकाशी बायका पुढं बसल्या होत्या, मधोमध एर्लिंदा. तिच्या हातात कॉफीची किटली होती, ती सगळ्यांना ओतत होती. तोमासाच्या कमरेची टोपली बघून तिला आधी काही उमगलंच नाही.

"आलीस? ये, बस. ही टोपली कशाला बांधलीस गं?"

तोमासा उभी राहिली. पलीकडे मुकादम साखळीचं कुलूप काढत होता.

"कोमाद्रे, पोरीचा एक आठवडा हाय निस्ता. नंतर मी हितंच बसते, तुझ्याशेजारी."

एर्लिंदानं किटली खाली ठेवली. "एक आठवडा," ती म्हणाली. "माझ्या घरात कालपास्नं मीठ-भाकरी चाललीया. माझी पोरं काय दगडं हायती व्हय? त्यास्नी न्हाई का कुटं जायचं?"

"तसं न्हाई गं..."

"मंग कसं?" एर्लिंदा उठून उभी राहिली. "म्या हिला पाण्यावर धरली हुती, तोमासा. मला इचारलं असतंस तर म्या माझ्या पाठीवर बसवून हिला डोंगरापलीकडं नेली असती. इचारलंस? न्हाई. टोपली बांधलीस."

हे खरं होतं. डोंगरापलीकडे दुसऱ्या खेड्यात रेंज होती की नव्हती, वाट चालू होती की बंद, हे तोमासानं कुणालाच विचारलं नव्हतं. तिला फाटक दिसलं होतं आणि फाटकच दिसत राहिलं होतं.

फाटक उघडलं. दोघी आत गेल्या. मागून कुणीतरी बारीक, नाचरा आवाज काढून ओरडलं, "गुड मॉर्निंग, तोमासा बाईसाहेब!" आणि मग सगळ्याच बायका ओरडायला लागल्या. गुड मॉर्निंग, गुड मॉर्निंग. वरच्या वळणापर्यंत ते ऐकू येत होतं. देल्मीनं एकदाही मागं पाहिलं नाही. तिचे कान लाल झाले होते.

मळ्यात बाहेरगावची थोडी माणसं आणली होती. ती कुणाशी बोलत नव्हती. तोमासानं वरची, टॉवरजवळची ओळ मागून घेतली. ओली झुडपं वाकवली की सगळं पाणी बाहीतून काखेत उतरायचं. बोटं गारठून लाकडासारखी झाली, पिकलं फळ कुठलं आणि हिरवं कुठलं हे शेंड्यांना कळेना. नजरेनं बघून तोडावं लागत होतं. कमरेची टोपली भरत गेली तशी दोरी हाडात रुतत गेली.

देल्मी खडकावर प्लास्टिक डोक्यावर घेऊन बसली होती. तिचा आवाज झुडपांवरून यायचा. घरी पुटपुटायची तो हा आवाज नव्हता. हा मोठा, गुळगुळीत, हसतमुख होता. वर्षभर ऐकूनही तोमासाला हा आवाज आपल्या पोटातून आलेल्या पोरीचा वाटला नाही. एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

दुपारी भाकरी खाताना तिनं विचारलं, "त्ये काय म्हनत हुतीस सारखं?"

"झालेल्या त्रासाबद्दल मी माफी मागते."

"तू कसला तरास दिलास?"

"मी नाही गं. त्यांनी मागवलेला माल पोचलेला नसतो, किंवा फुटलेला असतो. ते चिडून फोन करतात. मग आपण असं म्हणायचं."

"माल कुनी फोडला?"

"कुणास ठाऊक."

तोमासानं भाकरीवरचं पाणी झटकलं. "आन् एवढं शिकायला वरीस लागलं?"

देल्मी हसली, त्या आठवड्यात पहिल्यांदा. "माफी खरी वाटली पाहिजे, आई. त्याचेच मार्क असतात."

संध्याकाळी मापाला उभं राहायचं होतं. मुकादमानं तिची फळं नव्या डब्यात ओतली, डबा दाणदाण आपटला, वरून कोपरानं दाबला. फळं खाली बसली. त्यानं आणखी ओतली. मग फाटकाकडे तोंड करून तो मोठ्यानं म्हणाला, "काय तोमासा, डबा बराबर हाय का?"

फाटकाबाहेर सगळ्यांच्या माना वळल्या. आन्सेल्मो त्यांच्यात होता, टोपी डोळ्यांवर ओढून.

"बोल की. उद्याच्याला वर यायचं हाय ना?"

"बराबर हाय," तोमासा म्हणाली.

त्या रात्रीपासून आन्सेल्मोनं आपलं अंथरूण ओट्यावर काढलं.

दुसऱ्या दिवशी तिच्यामागून आणखी दोन बायका आत आल्या. तिसऱ्या दिवशी एका घरचे बाप-लेक. प्रत्येकाजवळ सांगायला काहीतरी होतं: कुणाचं पोर आजारी, कुणाच्या घरातला मका संपलेला. आठवडा संपायच्या आत फाटकाबाहेरचा कागद वाऱ्यानं एका बाजूला लोंबू लागला आणि त्याखाली चेपे, एर्लिंदा आणि आन्सेल्मो एवढेच उरले. शेवटच्या दिवशी चेपेनं कागद सोडून घडी घातला, काखेत मारला आणि घरी गेला. नवा डबा तिथंच राहिला.

त्याच दुपारी देल्मी खडकावरून धावत खाली आली. पाय घसरून ओळीत बसकण मारली, तशीच चिखलात बसून म्हणाली, "आई, पास झाले. घेतलं मला."

तोमासाच्या दोन्ही मुठी फळांनी भरलेल्या होत्या. तिला त्या कुठं ठेवाव्या सुचेना. आसपासच्या ओळींतल्या बायकांनी ऐकलं, पण कुणी मान वर केली नाही. तिनं मुठी टोपलीत सोडल्या आणि लाल चिकट हात पोरीच्या गालांना लावले.

घरी आन्सेल्मोला सांगितलं तेव्हा तो बूट काढत होता. "बरं झालं," तो म्हणाला. आठवड्याभरातले त्याचे पहिले शब्द. मग दुसरा बूट काढून त्यानं दोन्ही बूट एकमेकांना लावून नीट ठेवले.

तोडणी जोरात सुरू झाली. सगळ्यांना कामावर घेतलं, फक्त चेपे आणि आन्सेल्मोला मुकादमानं फाटकातूनच परत पाठवलं. आजूबाजूच्या मळ्यांतही त्यांची नावं गेली होती. "बायकूला घेतली की रं," मुकादम आन्सेल्मोला म्हणाला. "येका घरातनं येक पुरं हाय."

आता सकाळी बायको कामाला जायची आणि नवरा ओट्यावर बसायचा. तो लाकडं फोडायचा, कोंबड्यांना दाणे टाकायचा, भाकरी थापून ठेवायलासुद्धा शिकला. ती परत यायची तेव्हा तो उठून मागच्या अंगणात निघून जायचा. चेपे रोज येऊन त्याच्याशी हळू आवाजात बोलत बसायचा. काय बोलतात ते तोमासाला न विचारताच कळलं. उत्तरेकडे अमेरिकेत जायचं, सीमा ओलांडून. गावातल्या कितीतरी घरांतली माणसं तशी गेली होती.

एका सकाळी आन्सेल्मो देल्मीसमोर स्टुलावर येऊन बसला. हातात टोपी.

"मला काय तरी शिकीव," तो म्हणाला.

देल्मीनं टॅब त्याच्यासमोर धरला. बाई बोलली. आन्सेल्मो तिच्यामागून बोलला. पुढचे दात नसल्यामुळे त्याच्या शब्दांतून वारं जात होतं. लाल. पुन्हा बोलला. लाल. तो टॅबच्या जवळ तोंड नेऊन, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं ओरडून बोलला. लाल.

"माझं तोंड ह्याला चालत न्हाई," तो म्हणाला आणि उठायला लागला.

देल्मीनं टॅब उलटा ठेवला. "बसा, बाबा. ते राहू द्या. माझ्या तोंडाकडे बघा."

मग ती त्याला एकेक शब्द देत गेली. पाणी. काम. दुखतंय. मदत करा. आणि सगळ्यात शेवटी तिच्या नव्या फोनचा नंबर, एकेक आकडा. आन्सेल्मो दिवसभर तो नंबर म्हणत होता, लाकडं फोडताना कुऱ्हाडीच्या एकेका घावाला एकेक आकडा. चेपे दारात उभा राहून हसत होता.

"तुम्हीही शिका की, पाद्रीनो," देल्मी आपल्या धर्मपित्याला म्हणाली.

"मला कशाला गं? माझं हातच बोलत्यात," चेपे म्हणाला आणि आपले दोन्ही पंजे तिच्यासमोर पसरून नाचवले. "आन् तुझा बाप हाय की संगं. दोघांत येकाला आलं म्हंजी झालं."

जानेवारीत देल्मी शहराला गेली. निघताना ती एर्लिंदाकडे आशीर्वादाला गेली. तोमासा कुंपणाबाहेर उभी राहिली. एर्लिंदानं पोरीच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला, दोन्ही गालांचे मुके घेतले, पिशवीत उकडलेली अंडी घातली. कुंपणाकडे तिनं बघितलं नाही. फेब्रुवारीत एका पहाटे दोघं गडी गेले. आन्सेल्मोनं जाताना तोमासाच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात खूप जड होता, आणि ती काही म्हणायच्या आत निघाला.

त्यानंतर गावात आणखी दोन घरं बायकांची झाली. दोघी एकाच वाटेनं मळ्यात जायच्या; आता एर्लिंदालाही जावंच लागत होतं. एक पुढं चालायची, दुसरी बरीच मागं. तण काढायला एकाच तुकडीत लावलं तरी एर्लिंदा मध्ये एक ओळ सोडून बसायची. त्या सोडलेल्या ओळीतलं तण काढायचं राहिलं म्हणून मुकादम दोघींनाही शिव्या द्यायचा. तोमासा मग ती ओळ आपली आपण काढून टाकायची.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या सुट्टीत देल्मीला घरी येता आलं नाही. त्या दिवसांत फोन जास्त येतात म्हणे. म्हणून तोमासाच निघाली. मक्याच्या पानात बांधलेले तामाल, चीज आणि सुकवलेला घेवडा असं घेऊन ती बसनं सान पेद्रोला पोचली. शहर तव्यासारखं तापलं होतं. देल्मीची खोली पत्र्याची, तिघी मुलींत एक. बाकीच्या दोघी आपापल्या गावी गेल्या होत्या. देल्मी रात्रपाळी करून सकाळी आली. डोळ्यांखाली काळं, घसा बसलेला. तिनं उभ्या उभ्या एक तामाल खाल्ला, आईच्या मांडीवर डोकं ठेवून "एवढंच पाच मिनिटं" म्हणाली आणि तशीच झोपली.

तोमासानं तिला पुठ्ठ्यानं वारा घातला. कामावर पोरीचं नाव बदललं होतं. गळ्यातल्या पट्टीवर ते नवं नाव लिहिलं होतं. ते वाचता येत नव्हतं म्हणून तिनं पट्टी उलटी करून ठेवली.

दुपार चढली तेव्हा उशाशी फोन थरथरला. पोरीची झोप मोडू नये म्हणून तोमासानं तो चटकन उचलून कानाला लावला. एक पुरुष इंग्रजीत बोलत होता, सावकाश, थांबत थांबत. तिला काहीच कळलं नाही. आणि मग त्या सगळ्या आवाजात मधेच, वेडावाकडा, पण स्पष्ट, एक शब्द आला. आन्सेल्मो.

"देल्मी," ती म्हणाली. मग ओरडली, "देल्मी!"

पोरगी उठली ती उठल्या उठल्या त्या गुळगुळीत आवाजातच बोलायला लागली. सवय झाली होती. मग तिचा आवाज थांबला. ती भिंतीला टेकून ताठ बसली. तिकडचं ऐकत राहिली, काहीतरी विचारलं, पुन्हा विचारलं. तोमासा तिच्या तोंडाकडे बघत होती. त्या तोंडावर काय येतं आणि काय जातं एवढंच तिला वाचता येत होतं, आणि त्यावरूनही काही लागत नव्हतं. कारण आधी पोरीच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं आणि तिनं आईचा हात घट्ट दाबून मान हलवली, हो, हो, अशी. आणि मग काही क्षणांनी तोच हात सोडून दिला.

फोन ठेवून देल्मी आईकडे वळली.

"बाबा जिवंत आहेत," ती म्हणाली. "दवाखान्यात आहेत, टेक्सासमध्ये. पाय भाजलेत, अंगातलं पाणी गेलं होतं. त्यांनी तिथल्या नर्सला माझा नंबर सांगितला. इंग्रजीत."

तोमासानं छातीवर क्रूस केला. ती हसत होती हे तिला स्वतःलाच नंतर कळलं.

"आन् चेपे?"

देल्मीनं मान खाली घातली. "त्यांनाच बाबांनी पाठीवर घेतलं होतं. दवाखान्यात पोचले तेव्हा... ते वाटेतच गेले होते, आई. वाळवंटात. बरेच तास बाबा त्यांना तसेच घेऊन चालत होते."

तोमासाचं हसू तोंडावरच राहिलं होतं. तिनं ते हातानं पुसलं.

दुपार गेली. देल्मी म्हणाली, "मी येते तुझ्याबरोबर. मी सांगते माद्रीनाला." पण तिची पाळी होती, आणि सणाच्या आठवड्यात गैरहजर राहिलं तर काम जातं; आधीच्या पाळीवरची एक मुलगी अशीच गेली होती. गावात फोन लावावा तर गावात रेंज नाही. टॉवरखाली उभं राहून हे ऐकायला एर्लिंदाला कोण बोलावणार होतं? संध्याकाळी देल्मीनं तोंड धुतलं, पट्टी गळ्यात घातली आणि डोळे सुजलेलेच घेऊन कामावर गेली. तिथं डोळे कुणाला दिसत नाहीत, म्हणाली.

दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बसनं तोमासा परतली. सुट्टीची गर्दी, शेजारी कुणाच्या तरी मांडीवर कोंबडा. वाटभर तिनं मनात वाक्यं जुळवली. एकही धड जुळलं नाही. चिखल वाळून आता रस्त्यावर धूळ उडत होती. गावात उतरल्यावर ती घरी गेली नाही. पिशवी खांद्यावर तशीच घेऊन एर्लिंदाच्या कुंपणाशी आली.

एर्लिंदा अंगणात मका निवडत बसली होती. तिनं मान वर केली. तोमासाच्या अंगावरची धूळ, खांद्यावरची पिशवी, पायांतले शहरात घालायचे बूट असं सगळं तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग एक सुस्कारा टाकला आणि मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं.

"ये," ती म्हणाली. "उभी का हायस? ये आत."

तोमासा आत गेली. एर्लिंदानं तिला स्टूल दिलं, स्वतः आत जाऊन चुलीवरची कॉफी पेल्यात ओतून आणली. गूळ घालून, तोमासाला आवडायची तशी.

"पी. उन्हातनं आलीयास." ती समोर जमिनीवर बसली, सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "माझी देल्मी कशी हाय?"

"बरी हाय."

"सुकली असंल. शहरात काय खात्यात देव जाने." एर्लिंदाची बोटं मक्यात फिरत होती. "काल मिरवणुकीला गेले हुते. क्रूसामागनं चालता चालता मनात आलं, किती दिवस हे असं ओढायचं? चेपे जाताना मला म्हनला हुता, आन्सेल्मो माझ्यासंगं येतोय, माझ्या जिवाला जीव दिऊन येतोय, तू त्याच्या बायकूशी नीट वाग. म्या म्हनलं, जा की तू गप. ऐकलं न्हाई त्याचं." ती थोडी हसली. "परत आला की पयलं त्येच इचारंल बग. मोठा खवीस हाय. म्हनंल, बोललीस का न्हाई? तर म्हनलं, आता तू आलीस की मीच..."

पेला गरम होता. तोमासानं तो दोन्ही हातांनी धरला होता, तोंडाला लावला नव्हता. एर्लिंदा बोलत होती, मक्यातले खडे टिपून अंगणात फेकत होती, पोरांची, कोंबड्यांची, दोघींनी मिळून वर्षासाठी मका पेरायची गोष्ट काढत होती. इतक्या महिन्यांचं साठलेलं होतं. तिला मधेच तोडावं लागणार होतं.

तोमासानं पेला जमिनीवर ठेवला. स्टुलावरून उतरून ती एर्लिंदासमोर मातीत बसली आणि सुपातला तिचा हात धरला.

एर्लिंदा बोलायची थांबली.